मोतीचा गूळ

फेब्रुवारीत वसुधाताई जाचक गेल्या. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा, आरोहीचा, फ्रिस्कोहून फोन आला. रविवारी सगळे झूमवर जमणार आहेत असं सांगून ती म्हणाली, "काका, शेवटच्या वर्षात आईला तुम्हीच सगळ्यात जास्त ओळखत होता. यू विल से समथिंग, राइट?"

गुरुनाथराव खांबेटे हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. ओळखत होतो म्हणजे काय? त्यांनी बोटं मोजून पाहिली. मे ते ऑक्टोबर, दर मंगळवारी, सकाळी नऊ ते बारा. त्यातही बहुतेक वेळ ते त्यांच्यापासून शंभर पावलांवर, हातात लाल झेंडा घेऊन उभे. वसुधाताईंना चहात साखर किती लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं. यजमान कशाने गेले हे विचारायचं धाडस कधी झालं नव्हतं. आणि त्यांच्या मनात आपल्याविषयी काय होतं, हे तर शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कळलं नाही. ते कळलं तेव्हा विचारायला वेळ उरला नव्हता.

रविवारी त्यांनी 'फार चांगल्या होत्या' एवढंच म्हटलं. तेही म्यूटवर.

त्यांची ओळख झाली सुहासिनीबाईंमुळे. सुहासिनीबाई म्हणजे गुरुनाथरावांच्या पत्नी. नवरा रिटायर झाल्यापासून खुर्चीला चिकटलाय, शुगर वाढतेय, माणसांत जात नाही, ही त्यांची कायमची तक्रार. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात त्यांच्या शेजारी एक ठेंगणी, राठ हातांची बाई बसली होती. तिने श्रीखंड पुरीला लावता लावता सांगितलं की ती घोडे हाकते. गाडीचे नव्हेत, शर्यतीचे नव्हेत. ओढकामाचे.

अमेरिकेत खांबेटे राहतात त्या नेपरव्हिलपासून चाळीस मिनिटांवर व्हिटलॉक इस्टेट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका धान्याच्या व्यापाऱ्याने बांधलेला दगडी बंगला, भोवती तीनशे एकर ओकचं रान आणि गवताळ मोकळी जमीन. आता ते एका ट्रस्टकडे आहे, लोक फिरायला येतात. त्या काळी तिथे ओढकामाच्या घोड्यांच्या बारा जोड्या होत्या. मग ट्रॅक्टर आले आणि तबेल्यात खुर्च्या ठेवायला लागले. पण ट्रॅक्टरच्या चाकांनी माती दबते, जुन्या ओकची मुळं गुदमरतात, हे लोकांना उशिरा कळलं. म्हणून ट्रस्टने ठरवलं की रानात माजलेलं काटेरी बकथॉर्न आणि पडलेले ओंडके बाहेर काढायला पुन्हा घोडे आणायचे. एक जोडी, एक वर्ष. नोव्हेंबरच्या शेवटी बोर्ड बसणार आणि ठेवायचे की विकायचे ते ठरवणार. ती जोडी हाकायला इलिनॉयभर माणूस शोधला, तेव्हा मिळाल्या त्या वसुधा जाचक, वय सदुसष्ट, उंची पाच फूट.

"आणि त्यांना व्हॉलंटियर हवेत," घरी येताना गाडीत सुहासिनीबाई म्हणाल्या. "मी तुमचं नाव दिलंय."

"घोडे?" गुरुनाथरावांनी विचारलं.

"घोडेच. वाघ नव्हेत."

सुहासिनीबाईंना माहीत होतं आणि तरी त्यांनी नाव दिलं होतं. गुरुनाथराव सात वर्षांचे असताना मिरज स्टेशनबाहेर टांग्याच्या घोड्याने त्यांचा डावा खांदा धरला होता. धरून उचलला होता. पाय जमिनीवरून सुटल्याचं त्यांना अजून आठवायचं. खांद्यावर दोन चंद्रकोरींचे वण आहेत. त्यानंतर पासष्ट वर्षांत त्यांनी पंपांची डिझाइनं केली, दोन मुलं वाढवली, बर्फात गाडी चालवली. पण पोलिसांचा घोडा दिसला तरी ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

मेच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी ती जोडी पाहिली. दोन्ही बेल्जियन जातीचे, पिंगट रंगाचे, कपाळावर पांढरा पट्टा. एकेकाचं वजन टनाच्या आसपास. खूर वरणाच्या पातेल्याएवढे. उजवीकडचा सॅम्सन, डावीकडची पर्ल. वसुधाताई पर्लच्या पोटाशी उभ्या राहून साज आवळत होत्या, आणि पट्टा घेण्यासाठी पोटाखालून पलीकडे गेल्या तेव्हा त्यांना जेमतेम वाकावं लागलं.

"या, खांबेटे. ही मोती."

"पर्ल लिहिलंय ना दारावर?" गुरुनाथराव दाराच्या बाहेरूनच म्हणाले. "आणि आमच्याकडे मोती कुत्र्याचं नाव असतं."

"म्हणून तर ठेवलं. जरा लहान वाटते." त्यांनी वळून पाहिलं. गुरुनाथरावांचे हात खिशात होते, आणि खिसे थरथरत होते. वसुधाताईंनी ते पाहिलं असणार. भिंतीला टेकवलेला लाल झेंडा त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "तुम्ही तिकडे पायवाटेवर उभं राहायचं. आम्ही ओंडका ओढत असलो की फिरायला आलेल्यांना थांबवायचं. घोड्यांशी तुमचा काही संबंध नाही. फक्त एक नियम. यांना हाताने काही खायला द्यायचं नाही. गाजर नाही, सफरचंद नाही. कुणी म्हणजे कुणी नाही."

"चावतात?"

"चावत नाहीत. पण थांब म्हटलं की थांबणं, हे यांचं अर्धं काम. मी मागे साखळी लावत असते, तेव्हा लगाम यांच्या पाठीवर टाकलेला असतो. खिशात खाऊ असलेला माणूस समोर दिसला आणि एक पाऊल पुढे टाकलं, की मागे माझा हात गेला."

गुरुनाथरावांनी मान हलवली. नियम त्यांना पूर्ण पटला होता. आणि तिसऱ्या मंगळवारी त्यांनी तो मोडला.

झालं असं की झेंडा तबेल्यात ठेवलेला असे, आणि झेंड्यापर्यंत जायला मोतीच्या कठड्यासमोरून जावं लागे. ते जवळ आले की ती मान बाहेर काढायची. तिचं डोकं गुरुनाथरावांच्या धडाएवढं. ती फुरफुरली की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि डावा खांदा आपोआप वर जायचा. सोमवारी रात्री त्यांना झोप लागेनाशी झाली. सोडून द्यावं तर सुहासिनीबाईंना काय सांगायचं? मग त्यांना आईची आठवण झाली. त्यांच्या आईचं भीतीवर एकच औषध होतं: ज्याची भीती वाटते त्याला आधी खायला घालायचं. वेशीवरच्या म्हसोबाला नारळ. नागाला दूध. शेजारच्या तोंडाळ काकूंना संक्रांतीच्या दोन दिवस आधीच तिळगूळ. 'नैवेद्य पोचला की अंगावर येत नाहीत,' असं ती म्हणायची, आणि त्या काकूसुद्धा खरंच अंगावर येत नसत.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली कोल्हापुरी गुळाची ढेप घरात होती. गुरुनाथरावांनी बोराएवढे खडे फोडले, लहानशा स्टीलच्या डब्यात भरले आणि मंगळवारी साडेआठलाच तबेल्यात पोचले. वसुधाताई पावणेनऊला यायच्या. त्यांनी हात लांब केला, डोळे मिटले आणि तळहातावर एक ऊबदार, केसाळ, ओला स्पर्श झाला. डोळे उघडले तर गूळ नव्हता आणि हात शाबूत होता. मोती त्यांच्याकडे बघत होती. त्या नजरेत त्यांना राग दिसला नाही.

पुढच्या मंगळवारी ते तिच्यासमोरून खांदा वर न करता गेले. सहा आठवड्यांनी तर त्यांनी तिच्या नाकाच्या मऊ भागाला एक बोट लावलं, आणि घरी येऊन कुणालाही न सांगता दिवसभर खूश राहिले. गूळ देणं चूक आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण एकच खडा, तोही काम सुरू होण्याआधी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. डबा त्यांनी साज टांगायच्या खोलीत खालच्या फळीवर, ब्रशांच्या मागे लपवला होता. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तो तिथे नव्हता. शोधता शोधता तो सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या कंदिलामागे सापडला. झाडलोट करणाऱ्याने उचलून ठेवला असेल, म्हणून त्यांनी विषय संपवला. डब्याच्या तळाला टिंबांनी 'सौ. सुहासिनी गु. खांबेटे' असं नाव घातलेलं होतं, पण व्हिटलॉकमध्ये ते वाचणार कोण?

वाचणारी एकच व्यक्ती होती. ती कशी लक्षात आली नाही, याचं पुढे त्यांना फार नवल वाटे.

त्या सहा महिन्यांत वसुधाताईंबद्दल जे कळलं ते तुकड्यातुकड्याने, बारा वाजता थर्मासमधला चहा पिताना. वडील लष्करी घोड्यांच्या तळावर नालबंद होते. जळक्या खुराचा वास हा आपल्या बालपणाचा वास, असं त्या म्हणायच्या. मुलीने घोड्यांत जायचं नाही म्हणून वडिलांनी शिकवलं, लग्न लावलं, अमेरिकेला पाठवलं. इथे एका हॉस्पिटलात तीस वर्षं त्यांनी लोकांचं रक्त काढलं. "घाबरलेलं माणूस मला लांबून कळतं," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "बाही वर करायच्या आधी कळतं." यजमान गेल्यावर त्या इंडियानात, अजून घोड्यांवरच शेती करणाऱ्या आमिश पंथातल्या एका म्हाताऱ्याकडे गेल्या आणि मला घोडे हाकायला शिकवा म्हणाल्या. तो म्हणाला, बाई, तुमचं वय काय? त्या म्हणाल्या, तुमच्यापेक्षा कमी. दोन वर्षं त्यांनी तिथे शेण काढलं आणि लगाम धरला.

"भीती नाही वाटत?" गुरुनाथरावांनी विचारलं होतं.

"रोज वाटते. न वाटली तर सोडून देईन."

"मग करता काय?"

"साज नीट आवळते," वसुधाताई म्हणाल्या आणि कप झटकून उठल्या.

ऑक्टोबरातला तो मंगळवार गार होता, आदल्या रात्रीच्या पावसाने पानं निसरडी झाली होती. गुरुनाथराव तबेल्यात पोचले तर डेल तिथे. डेल म्हणजे इस्टेटचा सुपरिंटेंडेंट, उंच, कमी बोलणारा. तो नळ दुरुस्त करत होता. गुरुनाथरावांनी डब्यातला खडा उचलून कोटाच्या उजव्या खिशात टाकला, पण डेल हलेना. मोती मान बाहेर काढून खुराने जमीन खरवडत होती. डेलने तिच्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं तशी ते झेंडा घेऊन बाहेर पडले. नैवेद्य राहिला होता. त्यांच्या जिवाला रुखरुख लागली.

साडेअकरापर्यंत पायवाटेवर एकही माणूस आला नाही. थंडी हाडांत शिरत होती. सुहासिनीबाईंनी थर्मासबरोबर बेसनाचे लाडू दिले होते आणि बजावलं होतं, "ताईंना चहा गरम असताना द्या, नाहीतर तुम्ही बाराच्या ठोक्याची वाट बघत बसाल." गुरुनाथरावांनी झेंडा झाडाला टेकवला आणि थर्मास घेऊन ते चढावर निघाले. काम चालू असताना घोड्यांसमोर जायची ही त्यांची पहिलीच वेळ. चढ संपला तेव्हा ते जोडीच्या बरोबर समोर होते, वीस पावलांवर. मागे वसुधाताई ओणव्या होऊन ओंडक्याला साखळी अडकवत होत्या. लगाम मोतीच्या पाठीवर होता.

मोतीचे कान ताठ झाले. तिने नाकातून एक हलका, ओळखीचा आवाज काढला. सकाळी गुळासाठी काढायची तसाच.

"नको," गुरुनाथराव म्हणाले.

तिने पाऊल टाकलं. सॅम्सननेही टाकलं. साखळी कडाडली, ओंडक्याचं टोक ओल्या पानांवरून फिरलं आणि वसुधाताई दिसेनाशा झाल्या.

"होऽ."

मोठ्याने नव्हे. झोपेतल्या मुलाला थोपटावं तसा वसुधाताईंचा आवाज. दोन्ही घोडे जागच्या जागी थांबले. गुरुनाथरावांच्या हातातला थर्मास कधी पडला ते त्यांना कळलं नाही.

"खांबेटे, आहात का?"

"आहे."

"माझा पाय अडकलाय. ओंडका आणि मूळ यांच्या मध्ये. फोन कोटात आहे आणि कोट त्या झाडावर. फोन नंतर. आधी यांना एक पाऊल मागे घ्यायचं. एकच. साखळी ताणलेली आहे, यांनी पुढे पाऊल टाकलं तर पाय राहणार नाही. कळलं?"

"मला येत नाही. मी... डेलला बोलावतो."

"डेल एक मैलावर आहे. तुम्ही वीस पावलांवर आहात. या."

ती वीस पावलं कशी झाली हे त्यांना सांगता येत नाही. सॅम्सनच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. डावा खांदा कानाला टेकला होता. पाय मिरज स्टेशनबाहेर सुटले होते तसे सुटल्यासारखे वाटत होते.

"डोळ्यांत बघू नका. दोघांच्या मध्ये उभे राहा. लगामाची कडी धरा, दोन्ही हातांनी, दोघांची. धरली?"

"धरली."

तेवढ्यात मोतीने मान खाली घातली आणि त्यांच्या उजव्या खिशात तोंड खुपसलं. ओठांनी चाचपलं, दातांत कापड धरलं आणि ओढलं. खिसा टर्रकन फाटला. गूळ पानांत पडला, आणि तो घ्यायला तिची मान पुढे येऊ लागली. साखळी पुन्हा करकरली. मागून वसुधाताईंच्या तोंडून एक आवाज आला. तो त्यांनी लगेच गिळला.

गुरुनाथरावांनी खडा बुटाखाली दाबून मातीत गाडला. त्यांना रडू येत होतं.

"आता तिच्या छातीवर मूठ टेकवा आणि बॅक म्हणा."

"मागे," गुरुनाथराव म्हणाले. "मोती, मागे. मागे गं बाई."

"बॅक म्हणा. नाव सोडलं तर तिला मराठी येत नाही."

"बॅक," ते म्हणाले. मूठ टेकवली. मुठीखाली एवढं मोठं हृदय चाललेलं त्यांना जाणवलं, संथपणे. त्याच्या एका ठोक्याला त्यांच्या स्वतःच्या हृदयाचे चार होत होते. "बॅक."

मोती एक पाऊल मागे गेली. सॅम्सन गेला. साखळी सैल पडली. मागे पानं खसखसली आणि बऱ्याच वेळाने वसुधाताईंचा आवाज आला, "निघाला. आता तसेच उभे राहा. मी सरपटत कोटाकडे जाते."

डेल येईपर्यंतची अकरा मिनिटं ते दोन घोड्यांच्या तोंडांमध्ये उभे होते. वसुधाताई झाडाला टेकून बसल्या होत्या, चेहरा राखेसारखा. त्यांची नजर एकदा गुरुनाथरावांच्या लोंबणाऱ्या खिशावर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी डोळे मिटले.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. प्लेट घालावी लागली. हॉस्पिटलात गुरुनाथराव फुलं घेऊन गेले तेव्हा वसुधाताई म्हणाल्या, "डेलला सांगितलंय. लगाम मी हातातून सोडला होता, चूक माझी. तुम्ही काही बोलायची गरज नाही." इतकंच. मग त्या हॉस्पिटलातल्या जेवणाला नावं ठेवू लागल्या. या न बोलायला सांगताहेत म्हणजे यांना माहीत आहे? की नुसता धीर देताहेत?

पुढच्या मंगळवारी ते डबा काढून आणायला गेले. वरच्या फळीवर कंदील होता. डबा नव्हता. डेल दारात येऊन उभा राहिला.

"पर्ल का हलली ते मला कळत नाही," तो म्हणाला. "सहा महिन्यांत कधी हलली नाही. बोर्डाला दोनच गोष्टी कळतात. घोडी चुकली असेल तर घोडी जाईल, आणि तिच्याबरोबर सॅम्सनही. हाकणारी चुकली असेल तर हाकणारी जाईल. वसुधा म्हणते हाकणारी." त्याने गुरुनाथरावांकडे पाहिलं. "तुम्ही समोर होता. काही दिसलं?"

"नाही," गुरुनाथराव म्हणाले.

त्या 'नाही'नंतरचे तीन आठवडे वाईट गेले. फोन वाजला की ते आधी नंबर बघायचे. कुणीतरी डबा घेतला होता, त्यावर बायकोचं नाव होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी काही विचारत नव्हतं. एक दिवस सुहासिनीबाई कोट घेऊन समोर आल्या. खिशाच्या शिवणीत गुळाचा चुरा होता.

"साखर दोनशेदहा, आणि खिशात गूळ घेऊन हिंडता? चोरून खाता? या वयात?"

"मी नाही खाल्ला."

"मग काय घोड्याने खाल्ला?"

सुहासिनीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. मग गुरुनाथरावांनी सगळं सांगितलं, मिरजेपासून.

"मग सांगून टाका ना त्या बोर्डाला."

"आणि मग?"

"मग काय, फाशी देतील?"

"वसुधाताई काय म्हणतील?"

"त्यांचं काम जातंय अहो. इथे तुम्हाला कोण काय म्हणेल याची पडलीय."

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी दुपारी बोर्ड जुन्या बग्गीखान्यात बसला. सात माणसं, लांब टेबल, कॉफी. वसुधाताई आल्या नव्हत्या. डेलने त्यांचं निवेदन वाचून दाखवलं. लगाम सोडणं ही हाकणाऱ्याची चूक, घोडे निर्दोष. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, फार वाईट वाटतं म्हणाल्या आणि घोडे ठेवून दुसरा हाकणारा शोधावा असं मांडलं. तेव्हा मागच्या रांगेतून गुरुनाथरावांचा हात वर गेला, शाळेत जायचा तसा, कोपरातून वाकलेला.

"मी घोडीला गूळ दिला," ते इंग्रजीत म्हणाले. "दर मंगळवारी. मे महिन्यापासून. मला घोड्यांची भीती वाटते म्हणून. ती माझ्याकडे आली. वसुधा किंवा घोडी, कुणीच चुकलं नाही."

कुणीतरी हसलं. डेल हसला नाही. त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "जमीन खरवडत होती त्या सकाळी."

"पण मिस्टर खांबेटे," अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला घोड्यांची भीती वाटते ना? मग खायला कशाला घालायचं?"

म्हसोबा, नारळ, वेस, आई. गुरुनाथरावांना एकाही शब्दाचं इंग्रजी सुचेना. "आमच्याकडे," ते शेवटी म्हणाले, "तसंच करतात."

निकाल वीस मिनिटांत लागला. जोडी राहणार. पाय बरा झाला की वसुधा जाचकच ती हाकणार, एप्रिलपासून. आणि श्री. खांबेटे यांनी यापुढे घोड्यांपासून पन्नास फुटांच्या आत यायचं नाही. मेच्या पहिल्या मंगळवारी हीच शिक्षा कुणी दिली असती तर त्यांनी त्याचे पाय धरले असते. आता पार्किंगकडे जाताना तबेल्यातून तो फुरफुरण्याचा आवाज आला, आणि ते न वळता गाडीत जाऊन बसले.

एप्रिलमध्ये वसुधाताई नव्हत्या. फ्रिस्कोला मुलीच्या घरी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, चहा करता करता त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पायाचा काही संबंध नाही, असंही. ते दुसरं वाक्य गुरुनाथरावांनी आरोहीला फोनवर दोनदा म्हणायला लावलं. अजूनही एखाद्या पहाटे ते त्यांना पुरत नाही. मोती आणि सॅम्सन आता एक आमिश जोडपं हाकतं. गुरुनाथराव कधीकधी पन्नास फुटांच्या बाहेर, पायवाटेवर, उभे राहतात. हात रिकामे.

त्यांची शेवटची भेट झाली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आरोही आईला न्यायला आली होती. बर्फ भुरभुरत होतं. वसुधाताई आधीच गाडीत बसल्या होत्या, प्लास्टरचा पाय पुढे लांब करून. आरोही घराला कुलूप लावत होती. गुरुनाथराव काचेशी वाकले. बोर्डासमोर आपण काय बोललो हे यांना कुणी सांगितलंय का, तेवढं विचारायचं ठरवून ते आले होते. विचारवत नव्हतं.

वसुधाताईंनी काच खाली केली आणि मांडीवरच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. घासून चकचकीत केलेला.

"हा तुमचा. पाय मोडला त्याच आठवड्यात आरोही येऊन गेली. माझं सामान आणायला ती तबेल्यात गेली होती, तेव्हा तिच्याकडून आणवून घेतला. कुणाच्या हाती लागायला नको."

गुरुनाथरावांनी तो घेतला. तळाखाली बोटांना नावाची टिंबं लागली.

"ऑगस्टमध्ये खालच्या फळीवर मुंग्या झाल्या होत्या," त्या समोर बर्फाकडे बघत म्हणाल्या. "म्हणून मीच वर ठेवला होता."

म्हणजे यांना तेव्हापासून माहीत होतं. म्हणून 'चूक माझी'. पुढचे सगळे मंगळवार. मग थांबवलं का नाही, हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला. पण आरोही येऊन स्टिअरिंगमागे बसली होती, वायपर सुरू झाले होते, आणि त्यांचा डावा खांदा वर गेला होता.

"झाकण जरा घट्ट बसतं त्याचं," वसुधाताई म्हणाल्या.

"हो," गुरुनाथराव म्हणाले. "पहिल्यापासूनच."